उरणच्या कंत्राटी बंदर कामगारांनी परदेशातील संघटनांकडे पाठिंबा कसा मागावा?

प्रश्न – लॅशिंग कामगार, उरण

मी न्हावाशेवा येथील एका खाजगी टर्मिनलवर कंत्राटदारामार्फत लॅशिंगचे काम करतो. बोट धक्क्याला लागली की कंटेनर जखडून ठेवणारे लोखंडी रॉड आणि टर्नबकल सोडायचे, ट्विस्ट लॉक काढायचे, आणि माल भरून झाला की भरपावसात, ओल्या डेकवर, तेच सगळे पुन्हा आवळायचे, असे हे काम आहे. माझ्या वडिलांच्या पिढीतील काही प्रकल्पग्रस्तांना जमिनीच्या बदल्यात बंदरात कायम नोकरी मिळाली होती; आमच्या वाट्याला मात्र वर्षावर्षाचे कंत्राट आले आहे.

आम्ही रीतसर युनियन नोंदवली. नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आल्यानंतर महिनाभरातच कार्यकारिणीतील सात जणांचे आणि आणखी चार सभासदांचे गेट पास नूतनीकरणाच्या नावाखाली अडकवून ठेवण्यात आले. चार्जशीट नाही, चौकशी नाही, कामावरून काढल्याचे पत्रही नाही. कंत्राटदार म्हणतो की पास देणे टर्मिनलच्या हातात आहे, आणि टर्मिनलचे अधिकारी म्हणतात की तुम्ही आमचे कामगारच नाही. उरलेल्यांना एका छापील हमीपत्रावर सही करायला सांगितले जात असून त्यात 'माझा कोणत्याही कामगार संघटनेशी संबंध नाही व यापुढे राहणार नाही' असे वाक्य आहे.

आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की जहाज कंपन्या आणि टर्मिनलचे मालक परदेशी असल्यामुळे आपण परदेशातील गोदी कामगारांच्या संघटनांना लिहावे. अशा पाठिंब्याने खरोखर काही घडते का, तो कोणाकडे आणि कसा मागायचा, आणि त्यात कायद्याची कोणती अडचण येऊ शकते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. कंत्राटदाराची माणसे आताच गावात सांगत फिरत आहेत की ही पोरे परदेशी लोकांच्या सांगण्यावरून बंदर बंद पाडणार आहेत, त्यामुळे पाऊल विचारपूर्वक टाकायचे आहे.

उत्तर – निवृत्त गोदी कामगार, करंजा

परदेशातील कामगारांची मदत मागण्यात लपवण्यासारखे काही नाही, कारण ज्यांच्याशी तुमचा झगडा आहे त्यांचे भांडवल एका देशात राहत नाही. न्हावाशेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले तेव्हा ते सर्वस्वी सरकारी विश्वस्त मंडळाच्या ताब्यात होते. १९९७ मध्ये ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील शाखेच्या पुढाकाराने बनलेल्या गटाला ३० वर्षांच्या करारावर पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल देण्यात आले. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ विकत घेतली आणि धक्क्यावरच्या एकाही माणसाला न विचारता त्याचा मालक बदलला. त्याच सुमारास डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे टर्मिनल सुरू झाले, नंतर सिंगापूरची पीएसए आली, आणि कामगारांनी विरोध करूनही बंदर स्वतः चालवीत असलेले शेवटचे कंटेनर टर्मिनल २०२२ मध्ये जे. एम. बक्षी आणि फ्रान्सचा सीएमए समूह यांच्या भागीदारीकडे गेले. मालकांची ही साखळी जगभर पसरलेली असताना कामगारांनी मात्र उरण तालुक्याच्या वेशीबाहेर पत्र पाठवू नये, असे म्हणणाऱ्याचा हेतू ओळखावा.

आता पाठिंब्याने काय साधते याविषयी. दोन लढे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय याचे खरे उत्तर मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सप्टेंबर १९९५ मध्ये लिव्हरपूल बंदरात टॉरसाइड नावाच्या एका लहान कंपनीने ओव्हरटाइमच्या वादावरून तरुण कामगारांना काढून टाकले. त्या मुलांनी फाटकावर धरणे धरले आणि मर्सी डॉक्स या मोठ्या कंपनीच्या कामगारांनी त्यांना ओलांडून आत जायला नकार दिला, तेव्हा सगळे मिळून सुमारे ५०० जण घरी बसवले गेले. ब्रिटनमध्ये गोदी कामगारांना संरक्षण देणारी राष्ट्रीय योजना १९८९ मध्येच रद्द झाली होती आणि दुसऱ्या मालकाच्या कामगारांसाठी संप करणे कायद्याने बंद केले होते, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या राष्ट्रीय संघटनेने हा लढा अधिकृत मानला नाही. त्या कामगारांनी मग जगभर माणसे पाठवली. १९९७ च्या सप्टेंबरात 'नेपच्यून जेड' नावाची बोट मर्सी डॉक्सशी संबंधित दुसऱ्या एका ब्रिटिश बंदरात भरलेला माल घेऊन अमेरिकेत ओकलंडला पोहोचली, तेव्हा तिथल्या कामगारांनी तिला हात लावला नाही. पुढे व्हँकुव्हर, योकोहामा आणि कोबे या बंदरांतही तेच घडले. अशी एकजूट क्वचितच पाहायला मिळते. तरीही जानेवारी १९९८ मध्ये लिव्हरपूलच्या कामगारांना नोकऱ्या परत न मिळता, पैशांच्या तडजोडीवर लढा थांबवावा लागला, कारण खुद्द लिव्हरपूलच्या धक्क्यावर बदली माणसांच्या जोरावर काम चालूच राहिले होते.

त्यानंतर तीनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियात पॅट्रिक कंपनीने ७ एप्रिल १९९८ च्या रात्री कुत्रे आणि सुरक्षारक्षक धक्क्यांवर उतरवून सुमारे १४०० संघटित कामगारांना बाहेर काढले. त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये संप मोडण्यासाठी आजी-माजी सैनिकांना दुबईत क्रेन चालवण्याचे शिक्षण देण्याची योजना उघडकीस आली होती, आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने, म्हणजे आयटीएफने, दुबईला जाणाऱ्या जहाजांवर कारवाईचा इशारा देताच ती गुंडाळावी लागली होती. एप्रिलमध्ये हजारो सामान्य नागरिक मेलबर्नच्या फाटकांवर जमले आणि मालाची ये-जा थांबली. संघटना न्यायालयात गेली. २१ एप्रिलला फेडरल न्यायालयाने कामगारांना परत घेण्याचा आदेश दिला आणि ४ मे रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. मेलबर्नमध्ये बदली कामगारांनी भरलेली 'कोलंबस कॅनडा' ही बोट लॉस एंजेलिसला पोहोचली तेव्हा तिथल्या कामगारांनी ऑस्ट्रेलियाचा माल उतरवला नाही. शेवटच्या तडजोडीत शेकडो जणांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे, परंतु संघटना धक्क्यावर टिकली.

दोन्ही ठिकाणी परदेशी कामगार तितक्याच निष्ठेने उभे राहिले होते. फरक पडला तो घरच्या फाटकावर. बाहेरचे लोक बोटीची पुढची वाट अडवू शकतात, तुमच्या फाटकावरचे काम ते करू शकत नाहीत. म्हणून मी तुम्हाला आधी हे विचारतो की तुमच्या टर्मिनलवरील सर्व लॅशिंग कामगारांपैकी किती जण सभासद आहेत, आणि आयटीव्ही (यार्डात कंटेनर वाहणाऱ्या ट्रकचे) चालक, कंटेनरची नोंद घेणारे चेकर व क्रेन ऑपरेटर यांच्याशी तुमचे बोलणे झाले आहे का? ते झाले नसेल तर पहिले पत्र आयटीएफच्या लंडनच्या कार्यालयाला पाठवण्याऐवजी शेजारच्या यार्डात पाठवावे. बंदरात जुन्या मान्यताप्राप्त संघटना आहेत आणि त्यांपैकी काही आयटीएफशी संलग्न आहेत. आयटीएफ साधारणपणे आपल्या संलग्न संघटनांमार्फतच काम करते, त्यामुळे त्यांचे शिफारसपत्र नसेल तर तुमचे पत्र वाचले जाईल, पण त्यावर हालचाल होण्यास फार वेळ लागेल.

उत्तर – वीज कर्मचारी, रत्नागिरी

वरील माहिती मोलाची आहे, पण माझा कल थोडा वेगळा आहे आणि तो स्पष्टपणे मांडतो. महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या तिन्ही कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ४ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांचा संप पुकारला होता. भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागात अदानी समूहाच्या कंपनीने वीज वितरणाचा समांतर परवाना मागितला होता, त्याला आमचा विरोध होता. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना संघटनांशी चर्चा करावी लागली, सरकारचा खाजगीकरणाचा विचार नसल्याचे सांगावे लागले, आणि मगच संप मागे घेण्यात आला. तीसहून अधिक संघटना आपापले झेंडे बाजूला ठेवून एकत्र आल्या, हे त्यामागचे बळ होते. परदेशातून आलेल्या कोणत्याही पत्राने ते घडले नाही.

आपण उरणचे आहात, म्हणून आठवण करून देण्याची खरे तर गरज नाही, तरीही लिहितो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई, दास्तान फाटा आणि नवघर परिसरात जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळाले. त्या वेळी गावेच्या गावे रस्त्यावर होती. आज तुमच्यासाठी गावाची बैठक बसणार नसेल, तर ओकलंडच्या कामगारांनी बोट अडवावी अशी अपेक्षा धरणे मला योग्य वाटत नाही. परदेशी संघटनांना जरूर लिहा, परंतु ग्रामपंचायतीचा ठराव हाती आल्यानंतर लिहा. म्हणजे परदेशी लोकांच्या सांगण्यावरून चालता, या आरोपालाही आपोआप उत्तर मिळेल.

उत्तर – बोसन, मर्चंट नेव्ही, दापोली तालुका

मी बोटीवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, असतो, त्यामुळे समुद्राच्या बाजूने लिहितो. पाठिंबा मागण्याविषयी वर चर्चा झाली आहे, पण तो देण्याविषयी कोणीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते मूळ गोष्ट तीच आहे.

१७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ फेरीज या कंपनीने ब्रिटनमधील ७८६ खलाशांना आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओ संदेशातून, कोणतीही पूर्वसूचना न देता, कामावरून काढले. ही कंपनी डीपी वर्ल्डच्या मालकीची आहे, म्हणजे न्हावाशेवाच्या पहिल्या खाजगी टर्मिनलचा जो मालक, तोच तिचाही. संघटनेशी आधी सल्लामसलत करणे कायद्याने बंधनकारक होते आणि आपण ते जाणूनबुजून टाळले, अशी कबुली कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याने पुढे संसदीय समितीसमोर दिली. काढलेल्यांच्या जागी एजन्सीमार्फत तासाला सरासरी साडेपाच पौंडांवर जी माणसे आणली गेली त्यांत भारतीयही होते. आमच्या भागातील कितीतरी घरांत सीडीसी (खलाशाचे ओळख व सेवा पुस्तक) काढण्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी कर्ज काढलेली मुले जहाजांना माणसे पुरवणाऱ्या मॅनिंग एजंटच्या फोनची वाट पाहत बसलेली असतात. अशा मुलाला फोन आला तर तो कोणाच्या जागेवर चालला आहे हे त्याला कोण सांगणार? मी त्या मुलांना दोष देत नाही. मात्र आपल्या संघटना ही माहिती घराघरांत पोहोचवू शकल्या, तर दुसऱ्या देशातील कामगाराचा संप मोडण्यासाठी कोकणातील मुलगा वापरला जाणार नाही, आणि हीच सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय मदत ठरेल.

आपल्या लोकांनी हे पूर्वी केलेले आहे. १९४५ च्या सप्टेंबरात इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याला पाठिंबा म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बंदरांतील कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला, तेव्हा त्या जहाजांवर काम करायला नकार देणाऱ्यांत भारतीय खलाशीही होते. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता, त्यांच्या हाती ना पैसा होता ना परतीचे तिकीट.

व्यवहाराचे एक-दोन मुद्देही सांगतो. खलाशी आणि लॅशिंग कामगार यांचे नाते फार जवळचे आहे. कंटेनर बांधण्या-सोडण्याचे काम बंदरातील कामगारांनीच करावे, ते बोटीवरच्या थकलेल्या खलाशांवर ढकलू नये, अशी आयटीएफची भूमिका असून तसे कलम तिच्या सामुदायिक करारांतही आले आहे. त्यामुळे तुमच्या तक्रारीला तिच्याकडे आधीपासून जागा आहे. तुम्ही मात्र बोटींच्या नोंदी नीट ठेवायला हव्यात. बोटीचे नाव, आयएमओ क्रमांक (बोटीचा कायमचा ओळख क्रमांक), ध्वज, कोणत्या तारखेला कोणत्या पाळीत लॅशिंगला किती माणसे होती, कोणाला हेल्मेट किंवा सेफ्टी हार्नेस मिळाले नाही, आणि बोट इथून पुढे कोणत्या बंदराला गेली, हे सर्व एका वहीत तारीखवार लिहून ठेवा. 'आमच्यावर अन्याय होत आहे' एवढ्याच वाक्यावर रॉटरडॅम किंवा सिडनीच्या संघटनेला काहीही करता येत नाही. अशी नोंद हाती असली तर आयटीएफचे निरीक्षक बोटीवर चढून कागद मागू शकतात. बोटीवरील खलाशांना मात्र कामबंद करायला सांगू नका, कारण त्यांचे करार काही महिन्यांचे असतात आणि एकदा नाव काळ्या यादीत गेले की त्यांना कोणीही वाचवू शकत नाही.

प्रश्नकर्ता – लॅशिंग कामगार, उरण

सर्वांचे मनापासून आभार. करंजाच्या काकांनी विचारले त्याचे उत्तर देतो. आमच्या टर्मिनलवरील लॅशिंग कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जण सभासद आहेत, पण हमीपत्राच्या भीतीने काही जण मागे सरत आहेत. आयटीव्ही चालकांशी बोलणी सुरू आहेत. क्रेन ऑपरेटरांशी अजून नाहीत. बोटींच्या नोंदींची वही रविवारच्या द्वारसभेपासून सुरू करतो.

आणखी दोन शंका आहेत. आपल्याच एका सभासदाच्या ओळखीतून युरोपातील एका संघटनेने लढा निधीसाठी थोडी रक्कम पाठवण्याची तयारी दाखवली आहे, ती घ्यावी का? आणि दुसऱ्या एका देशातील बंदर कामगारांचे, त्यांच्या सरकारी बंदराच्या विक्रीविरुद्धच्या आंदोलनाला पाठिंबा मागणारे पत्र आम्हाला आले आहे. आम्ही इतके लहान असताना त्याला उत्तर द्यावे का?

उत्तर – कामगार कायद्याचे वकील, पनवेल

पैसे घेऊ नका. परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० नुसार केंद्र सरकारकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संघटनेने परदेशातून निधी स्वीकारणे धोक्याचे आहे, मग ती रक्कम कितीही लहान असो आणि ती कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर येवो. एवढ्या एका चुकीवरून मूळ वाद बाजूला पडेल आणि चौकशी तुमचीच सुरू होईल. त्या संघटनेला कृतज्ञतापूर्वक लिहा की आम्हाला निधी नको, आमच्या टर्मिनलच्या मूळ कंपनीला तुम्ही तुमच्या देशात पत्र लिहावे. पत्रे, ठराव, निदर्शने आणि माहितीची देवाणघेवाण यांवर या कायद्याची बंधने नाहीत.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की त्या पत्राला अवश्य उत्तर द्या, ठराव मंजूर करून द्या, आणि काळ्या फिती लावून फाटकावर काढलेला फोटो सोबत जोडा. मात्र त्यांच्यासाठी काम बंद ठेवू असे आश्वासन लेखी किंवा तोंडी देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही संपासाठी किमान १४ दिवसांची नोटीस बंधनकारक झाली आहे, समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तीही संपच समजली जाते. बेकायदा संपाचा ठपका आला तर आज केवळ पास अडवलेल्या माणसांना कायमचे काढण्याचे निमित्त मिळेल.

तुमच्या मूळ तक्रारीविषयी. मोठ्या बंदरातील औद्योगिक वादांत 'समुचित शासन', म्हणजे वाद हाताळण्याचा अधिकार असलेले सरकार, केंद्र सरकार असते, त्यामुळे अलिबाग किंवा पनवेलच्या राज्य कामगार कार्यालयात अर्ज देऊन महिने घालवू नका; केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जा. कंत्राटदार आणि टर्मिनल या दोघांनाही प्रतिवादी करा, कारण एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवणे हीच त्यांची आतापर्यंतची भूमिका राहिली आहे. संघटनेत सामील होऊ नये यासाठी नोकरीची भीती घालणे ही अनुचित कामगार प्रथा आहे आणि ते छापील हमीपत्र हा तिचा लेखी पुरावा आहे. शक्य तितक्या जणांनी त्याची कोरी प्रत जपून ठेवावी. सही केलेल्यांना दूषणे देऊ नका, त्यांच्याकडून ती दबावाखाली घेतली गेली असे प्रतिज्ञापत्र करून घ्या. नव्या संहितेत वाटाघाटीचा अधिकार ५१ टक्के सभासदत्व असलेल्या संघटनेला मिळतो, म्हणून निम्म्याच्या काठावर थांबून चालणार नाही.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठांविषयी वर फारसे लिहिले गेले नाही, ते थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे १९४८ चे ८७ क्रमांकाचे आणि १९४९ चे ९८ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय करार संघटना-स्वातंत्र्य व सामुदायिक वाटाघाटींविषयी आहेत. भारताने त्या दोन्हींना मान्यता दिलेली नाही, तरीही तिच्या संघटना-स्वातंत्र्य समितीकडे भारताविरुद्ध तक्रार करता येते. हा मार्ग फार संथ आहे, आणि तुमच्यासारख्या नव्या संघटनेने तो राष्ट्रीय महासंघामार्फत घेतलेला बरा. दुसरा मार्ग आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा. ती तत्त्वे मानणाऱ्या प्रत्येक देशात एक राष्ट्रीय संपर्क केंद्र असते आणि त्या देशातील कंपनीने परदेशात केलेल्या वर्तनाची तक्रार तेथे नोंदवता येते. डेन्मार्क, नेदरलँड्स आणि फ्रान्स ही तत्त्वे मानतात. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती ती मानणाऱ्या देशांत नाहीत. फ्रान्समध्ये तर २०१७ च्या दक्षता कायद्याने मोठ्या कंपन्यांवर आपल्या उपकंपन्या आणि कंत्राटदार यांच्याकडील मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा धोका ओळखून रोखण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा तुमच्या टर्मिनलचे भाग नेमके कोणाकडे आहेत आणि तिथे नियमितपणे येणाऱ्या जहाज कंपन्या कोणत्या देशांतील आहेत, हे सर्वांत आधी शोधा. पत्र कोणत्या दारावर न्यायचे ते त्यावरून ठरेल.

उत्तर – शिक्षिका, जासई

माझे यजमान बंदरात कंत्राटी चेकर आहेत. वरील चर्चेत घरांचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहिते. लिव्हरपूलच्या लढ्यात कामगारांच्या बायका, आया आणि मुलींनी 'विमेन ऑफ द वॉटरफ्रंट' नावाची स्वतःची संघटना उभी केली होती. त्या सभांतून बोलत, देशोदेशी जात, आणि व्यवस्थापकांच्या दारापर्यंत जाऊन प्रश्न विचारत. आमच्याकडे पास अडवला गेला की पहिला प्रश्न स्वयंपाकघरात उभा राहतो. बचत गटाचा हप्ता, मुलांची फी आणि गणपतीचा खर्च या तिन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर येतात, आणि मग घरातूनच 'एकदाची सही करून टाका' असा आग्रह सुरू होतो. हमीपत्रावरील निम्म्या सह्या घरच्या काळजीपोटी झाल्या असतील, असे मला वाटते. म्हणून द्वारसभेच्या आधी त्या अकरा घरांतील बायकांची बैठक बोलवावी आणि बचत गटांनी त्यांचे हप्ते काही महिने सांभाळून घ्यावेत, असा प्रयत्न करता येईल. जासईत ही बैठक घेण्याची जबाबदारी मी घेते.

उत्तर – निवृत्त गोदी कामगार, करंजा

ताईंनी सांगितलेली बैठक आधी व्हावी आणि पत्र नंतर जावे, असे मला वाटते. रत्नागिरीच्या भाऊंशीही मी बव्हंशी सहमत आहे, फक्त एका मुद्द्यावर त्यांच्यापेक्षा वेगळे मत नोंदवतो. युरोपीय संघाने बंदरांतील कामे खुली करण्याचे जे धोरण आणले होते, त्यात माल चढवण्या-उतरवण्याचे काम बोटीवरच्या खलाशांकडूनही करून घेण्याची मुभा होती. ते धोरण २००३ मध्ये एकदा फेटाळले गेले, पुन्हा आणले गेले, आणि जानेवारी २००६ मध्ये अनेक देशांतील हजारो गोदी कामगार स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेसमोर उतरल्यावर १८ जानेवारीला ५३२ विरुद्ध १२० मतांनी दुसऱ्यांदा फेटाळले गेले. असा निर्णय कोणत्याही एका देशातील कामगारांना आपल्या बळावर फिरवता आला नसता. म्हणून गावाचा ठराव आणि परदेशातील पत्र यांत पहिले-दुसरे ठरवले, तरी दुसरे फार लांबणीवर टाकू नये.

पत्राचा मसुदा खाली देतो; तो एका पानापेक्षा मोठा करू नका.

'आम्ही न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलवर कंत्राटदारामार्फत लॅशिंगचे काम करणाऱ्या कामगारांची नोंदणीकृत संघटना आहोत. संघटनेची नोंदणी झाल्यानंतर महिनाभरात आमच्या ११ सभासदांचे प्रवेश पास कोणतेही कारण न देता रोखण्यात आले असून, इतरांकडून संघटनेत नसल्याची हमी लिहून घेतली जात आहे. त्या हमीपत्राची प्रत सोबत जोडली आहे. आमची मागणी एवढीच आहे की ११ जणांना पूर्ववत कामावर घ्यावे, हमीपत्रे परत करावीत आणि संघटनेशी चर्चा सुरू करावी. आपण आपल्या देशातील मूळ कंपनीला या तीन मागण्यांबाबत लेखी विचारणा करावी आणि त्या विचारणेची प्रत आम्हाला पाठवावी, ही विनंती. आपल्या बंदरात अशी वेळ आली तर आम्हीही आपल्यासाठी हेच करू.'

या पत्रात सध्या कोणत्याही बोटीचे नाव घालू नका आणि बहिष्काराची भाषा अजिबात वापरू नका. समेटाची पहिली बैठक होऊ द्या. वही पुढेही चालू ठेवा. आणि क्रेन ऑपरेटरांकडे बोलणी करायला जाल तेव्हा मलाही बोलवा, त्यांच्यातील काही जणांचे वडील माझ्याबरोबर कामाला होते.

प्रश्नकर्ता – लॅशिंग कामगार, उरण

मसुदा कार्यकारिणीपुढे ठेवतो. ताई, बैठक शुक्रवारी संध्याकाळी घेता आली तर आमच्याकडून दोघे जण येतील आणि त्या अकरा घरांची यादी सोबत आणतील. वकील साहेब, हमीपत्राच्या चार कोऱ्या प्रती मिळाल्या आहेत. त्यांपैकी एकीवर कंत्राटदाराच्या कार्यालयाचा शिक्का आहे. केंद्रीय आयुक्तांकडे अर्ज देताना मूळ प्रत द्यावी की साक्षांकित झेरॉक्स चालेल, एवढे कळवावे.

उत्तर – कामगार कायद्याचे वकील, पनवेल

साक्षांकित झेरॉक्स द्या. शिक्का असलेली मूळ प्रत कोणालाही देऊ नका, ती सुनावणीच्या वेळी दाखवायची आहे.